करणी खरी की खोटी हे मानवशास्त्रज्ञ सांगत का नाहीत?

कोराकागद:
सध्या मानवशास्त्राचं थोडंफार वाचन चालू आहे आणि एका ठिकाणी अडलोय. ही मंडळी कुठेतरी दूर बेटावर नाहीतर आफ्रिकेत जाऊन महिनोन्महिने राहतात, मंत्र, करणी, उतारे सगळं बारीक लिहून आणतात, पण हे खरंच चालतं का यावर गप्प. जेम्स फ्रेझर या जुन्या मानवशास्त्रज्ञाचं तरी कळतं, तो सरळ म्हणतो की जादू म्हणजे फसलेलं विज्ञान. (तो स्वतः कुठे गेला नव्हता, लायब्ररीत बसूनच सगळं, हे वेगळं.) बाकीचे काय शोधत असतात नक्की?

उंबरठा:
गप्प नसतात हो. इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने १९३७ च्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की अझांदे मानतात तसे चेटके असूच शकत नाहीत. पण ते एका वाक्यात उरकून तो पुढे जातो आणि खरी मजा तिथून पुढे आहे.

अझांदे म्हणजे आताच्या दक्षिण सुदानच्या बाजूचे लोक, हा १९२६ ते ३० च्या दरम्यान त्यांच्यात राहिला. तिकडे धान्याची कोठारं लाकडी खांबांवर असतात, उन्हाच्या वेळी माणसं खाली सावलीला बसतात, आणि कधीतरी वाळवीने खांब पोखरलेले असतात ते कोसळून कोणीतरी दगावतं. आता वाळवीमुळे पडलं हे त्यांना चांगलं माहीत असतं, त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. त्यांचा प्रश्न असा की हीच माणसं खाली बसलेली असताना नेमकं तेव्हाच का पडलं? आपण तिथे योगायोग म्हणून विषय संपवतो, ते म्हणतात कोणाचं तरी चेटूक.

एका पोराला खुंटाची ठेच लागून जखम चिघळली. प्रिचर्ड म्हणाला, बघून चालायचं ना! पोरगं म्हणे रोज बघूनच चालतो, आजही बघतच होतो, मग आजच कशी लागली? आणि बाकीच्या जखमा भरतात, हीच का चिघळली? बोला आता.

खवचट_काका:
म्हणजे थोडक्यात शेजाऱ्यावर आळ घ्यायची सोय. आपल्याकडे डाकीण ठरवून बायकांना मारतात, २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला महाराष्ट्रात, आणि तुम्ही म्हणता मजा आहे.

उंबरठा:
@काका, मुद्दा रास्त आहे, मजा हा शब्द मागे घेतो. पण आळ कोणावर येतो, कसा येतो, मिटतो कसा, हेच तर तो बघत होता. अझांदे कोंबडीला बेंगे नावाचं विष पाजून कौल घेतात, अमुक माणसाचं चेटूक असेल तर मर म्हणून. मग दुसऱ्या कोंबडीवर उलटा प्रश्न टाकून खात्री करायची. नाव निघालं तर कोंबडीचा पंख त्या माणसाकडे पाठवतात, तो तोंडात पाणी घेऊन त्यावर फुंकतो आणि म्हणतो, माझ्यात असं काही असेल तर ते थंड होवो. कारण स्वतःच्या पोटात चेटूक आहे हे त्याचं त्याला माहीत नसू शकतं असं मानतात. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. कौल चुकला तर विष खराब होतं, पथ्य मोडलं, अशी कारणं तयारच.

गंमत म्हणजे (हा शब्द चालेल ना काका?) प्रिचर्ड स्वतःचं घरही तिथे कौल लावूनच चालवायचा आणि लिहितो की काही अडलं नाही.

लाटांपलीकडे:
मालिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञपण बघा. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर त्याला दिसलं की खाडीच्या शांत पाण्यात मासे हमखास मिळतात तिथे जादू नाही, पण खुल्या समुद्रात जीव धोक्यात असतो तिथे सगळे विधी. हे पटतं लगेच, जरा जास्तच लगेच पटतं. कारण तिथेच बागेतल्या सुरणासारख्या कंदांसाठीपण मंत्र म्हणणारा माणूस असतो आणि पेरणीपासून काढणीपर्यंत कोणी कधी काय करायचं हे तोच ठरवतो, म्हणजे नुसती भीतीच नाही, कामाची आखणीपण त्यातूनच होते.

कोराकागद:
भारी, धन्यवाद. पण लोक परक्या माणसाला हे सगळं सांगतात कसे?

उंबरठा:
कित्येकदा नाहीच सांगत. जान फाव्रे-सादा ही फ्रेंच मानवशास्त्रज्ञ १९६९ मधे पश्चिम फ्रान्समधल्या शेतकऱ्यांकडे गेली, तर सगळे म्हणे छे, तसलं पलीकडच्या गावात. हिलाच करणी झालीय किंवा ही करणी उतरवणारी आहे असं वाटायला लागलं तेव्हा बोलायला लागले. नुसती माहिती म्हणून कोणी विचारतं यावर तिथे विश्वासच नव्हता.

खवचट_काका:
फ्रान्समधे पण? १९६९ ला? बरं बरं.