ऑनलाइन चाचणीत बुद्धिगुणांक १४२ आणि ११८ : यांतला कोणता धरावा?

पारिजात (नाशिक)

माझा मुलगा आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने दोन संकेतस्थळांवर बुद्धिमापन चाचण्या सोडवल्या. पहिल्या ठिकाणी त्याचा बुद्धिगुणांक १४२ आला, दुसऱ्या ठिकाणी ११८. दोन्हीकडे आकृत्यांच्या मालिका पूर्ण करण्याचेच प्रश्न होते आणि वेळही साधारण वीस-पंचवीस मिनिटांचाच लागला. पहिल्या संकेतस्थळाने आकडा दाखवून झाल्यावर सविस्तर अहवाल व प्रमाणपत्र यांसाठी पैसे मागितले. ते मी अद्याप भरलेले नाहीत. मात्र आजोबांनी १४२ हा आकडा एव्हाना सर्व नातेवाइकांना कळवून टाकला आहे.

हे केवळ कुतूहलापोटी विचारत नाही. तोंडी गणितात तो चटकन उत्तर देतो, परंतु त्याचे लेखन इतके सावकाश चालते की प्रत्येक परीक्षेत येत असलेले दोन-तीन प्रश्न सुटून जातात. एकाच मुलाच्या बाबतीत चोवीस गुणांचा फरक कसा पडू शकतो?

सांख्यिकीमास्तर

हा आकडा उंची किंवा वजनासारखा मोजलेला नसतो, येथूनच सुरुवात करावी लागते. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत ज्यांना वेगळी मदत लागेल अशी मुले ओळखण्यासाठी. पुढे १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचवली. त्या भागाकाराला १००ने गुणले की दहा वर्षांचा मुलगा बारा वर्षांच्या मुलांइतके प्रश्न सोडवत असल्यास त्याचा बुद्धिगुणांक १२० येतो. मोठ्या माणसांना हे गणित लागू पडत नाही, कारण चाळिशीतल्या माणसाचे मानसिक वय पन्नास आहे असे म्हणण्याला काही अर्थ राहत नाही.

म्हणून डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ च्या आपल्या चाचणीत निराळी पद्धत वापरली. समवयस्कांच्या रांगेत आपण कुठे उभे आहोत, एवढेच त्यात पाहिले जाते. रांगेच्या मध्याला १०० म्हणायचे आणि प्रमाण विचलन (गुण मध्यापासून साधारणपणे किती दूर पसरतात याचे माप) १५ धरायचे, हा सध्याचा रूढ संकेत आहे. त्या मापाने ११५ च्या वर सुमारे १६ टक्के लोक असतात आणि १३० च्या वर दोन टक्क्यांहून थोडेसेच अधिक.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. सर्व चाचण्या प्रमाण विचलन १५ धरत नाहीत. जुन्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीत (बिने यांच्या चाचणीची अमेरिकी आवृत्ती) ते १६ होते, तर मानसशास्त्रज्ञ कॅटेल यांच्या एका चाचणीत २४ आहे. मेन्सा ही संस्था वरच्या दोन टक्क्यांतील व्यक्तींना सदस्यत्व देते. रांगेतली तीच जागा १५ च्या मापाने १३०, १६ च्या मापाने १३२ आणि २४ च्या मापाने थेट १४८ अशी लिहिली जाते. आपल्या पहिल्या संकेतस्थळाने २४ धरले असेल, तर १४२ चे १५ च्या मापाने साधारण १२६ होतात. बारीक अक्षरांतला मजकूर कृपया एकदा वाचून पाहावा.

चाफेकळी (मानसशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका)

मास्तरांचे गणित बरोबर आहे, पण रांगेत उभे कोण आहेत हा प्रश्न त्याहून मोठा आहे. प्रमाणित चाचणी तयार करताना वय, लिंग, शहर-खेडे, शिक्षण अशा बाबींचा तोल सांभाळून शेकडो-हजारो व्यक्तींवर ती आधी वापरली जाते आणि त्यांच्या कामगिरीवरून प्रमाणके, म्हणजे तुलनेसाठीची मापे, ठरतात. व्ही. व्ही. कामत यांनी स्वातंत्र्यापूर्वीच स्टॅनफर्ड-बिने चाचणी मराठी व कानडीत आणली, तेव्हा प्रश्नांचे नुसते भाषांतर करून भागले नाही. कोणता प्रश्न कोणत्या वयाला योग्य, हे येथील मुलांवर तपासावे लागले. बहुतेक मोफत संकेतस्थळे आपल्या तुलनेचा गट कोणता, हे सांगतच नाहीत. प्रमाणके जुनी असल्यासही आकडा फुगतो, कारण अमेरिकेत गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले होते.

शिवाय तज्ज्ञाने समोर बसून घेतलेल्या उत्तम चाचणीतही पाच-सहा गुण इकडेतिकडे होण्याची मुभा धरावीच लागते. घरच्या संगणकावर ती मुभा किती धरायची, हे कोणीच सांगितलेले नसते. एक शंका विचारते, राग नसावा : चिरंजीवांनी चाचणी एकदाच सोडवली होती ना? आकृत्यांच्या प्रश्नांतली युक्ती एकदा कळली की पुढच्या खेपेला गुण वाढतातच.

लेखनाच्या संथपणाबद्दल मात्र या दोन्ही आकड्यांतून काहीही कळणार नाही. वेक्सलर पद्धतीच्या चाचणीत शब्दज्ञान, आकृतिरचना, अंकस्मरण, काम उरकण्याचा वेग यांचे गुण स्वतंत्रपणे मिळतात, आणि अनुभवी मानसतज्ज्ञ एकूण आकड्याआधी त्यांतल्या चढउतारांकडे पाहतो.

पारिजात (नाशिक)

मास्तर, पानाच्या तळाशी ‘प्रमाण विचलन २४’ असे खरोखरच लिहिलेले सापडले. आणि बाई, आपली शंकाही खरी ठरली. १४२ हा तिसऱ्या प्रयत्नातला आकडा होता. पहिल्यांदा १२४ आले होते, असे त्याने जेवताना कबूल केले.

सांख्यिकीमास्तर

मग २४ च्या मापातले १२४ म्हणजे १५ च्या मापातले ११५. दुसऱ्या संकेतस्थळाने १५ धरले असल्यास तेथील ११८ शी हे चांगलेच जुळते. अर्थात दोन घड्याळे एकच वेळ दाखवत असली, तरी ती दोन्ही कशावरून लावली होती हे आपल्याला ठाऊक नाही.

चाफेकळी

प्रमाणपत्राचे पैसे भरू नयेत. प्रवेशासाठी किंवा सवलतीसाठी ते कोणी ग्राह्य धरत नाही. शाळेच्या समुपदेशकांना त्याच्या गणिताच्या व मराठीच्या वह्या दाखवाव्यात. लेखनविषयक अध्ययन अक्षमतेची शंका त्यांनाही वाटली, तर शासनमान्य रुग्णालयात रीतसर तपासणी होते. तिच्यात बुद्धिमापन चाचणी असतेच, आणि निदान झाल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. मुलगा आठवीत असतानाच हे सुरू केलेले बरे, कारण तपासणीला अनेक खेपा घालाव्या लागतात. त्या दिवसापर्यंत त्याला आकृत्यांचे कोडे सोडवायला देऊ नये, एवढे मात्र सांभाळावे.