वाघोलीची बस मनपापर्यंत हवी की रामवाडीपर्यंत?

वाघोलीकर

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे आली. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे ही त्यांपैकीच. हद्द वाढली, वस्ती तर त्याआधीच वाढली होती, मात्र उपनगरांतून निघणाऱ्या बसचे मोठे मार्ग अजूनही मनपा (महापालिका भवनाजवळचे बस स्थानक), स्वारगेट किंवा पुणे स्टेशन गाठण्यासाठीच आखलेले आहेत. माझे मत असे आहे की वाघोलीहून नगर रस्त्याने येणाऱ्या निम्म्या तरी गाड्या वाटेतल्या रामवाडी मेट्रो स्थानकापाशी वळवून परत वाघोलीला पाठवाव्यात, कारण लांब मार्ग आणि कमी फेऱ्या या एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत.

हिशेब सोपा आहे. समजा, वाघोलीहून मनपाला जाऊन परत यायला शेवटच्या थांब्यांवरील विसावा धरून ३ तास लागतात आणि मार्गावर १२ गाड्या आहेत, तर दर १५ मिनिटांनी एक गाडी मिळेल. त्याच १२ गाड्या दीड तासात परत येणाऱ्या मार्गावर लावल्या, तर दर साडेसात मिनिटांनी गाडी येईल. एकही नवी बस घ्यावी लागणार नाही. शिवाय लांब मार्गावर उशीर साठत जातो. पुढची गाडी थोडी रखडली की तिच्यासाठी थांब्यांवर गर्दी जमते, गर्दीमुळे ती आणखी रखडते आणि मागची रिकामी गाडी तिला येऊन भिडते. वेळापत्रकात १५ मिनिटे लिहिलेली असली, तरी प्रवाशाला अर्ध्या तासाने दोन गाड्या एकदम दिसतात. मेट्रो मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत आली. तिच्या समांतर बस धावत ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही.

दोन पिशव्या

आपला हिशेब गाडीचा आहे, माणसाचा नाही. मी महिन्यातून दोनदा आईला पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात तपासणीला नेते. तिचे गुडघे दुखतात. एकदा बसायला जागा मिळाली की ती पुणे स्टेशनपर्यंत शांत असते आणि बस १५ मिनिटे उशिरा आली तरी तिची तक्रार नसते. आपल्या योजनेत तिला रामवाडीला उतरावे लागेल, स्थानकात चढावे लागेल, सुरक्षा तपासणीतून जावे लागेल आणि दुसऱ्या गाडीत पुन्हा जागा शोधावी लागेल. तरुण माणसाला यात पाच मिनिटे जातात. आईच्या बाबतीत या बदलामुळे एकटीने जाणे कायमचे बंद होईल.

तिकिटाचाही विचार करावा. १ जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये आणि पुढे ३० किलोमीटरपर्यंत दर ५ किलोमीटरला १० रुपये वाढ, असे टप्पे झाले आहेत. सलग २० किलोमीटरला ४० रुपये पडतात. तोच प्रवास १२ आणि ८ किलोमीटर असा तोडला, तर ३० आणि २० मिळून ५० रुपये होतात. मेट्रोचे तिकीट तर वेगळेच. ज्याचा रोजगारच दिवसावर आहे, त्याला जाऊन येऊन २० रुपये जास्त मोजायला लावणारी सुधारणा मला सुधारणा वाटत नाही.

वाघोलीकर

तिकिटाबाबत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि पहिल्या मजकुरात ते यायला हवे होते. ७० रुपयांच्या दैनिक पासवर दिवसभर बस बदलता येते, पण एकाच खेपेला निघालेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही आणि तो पास मेट्रोत चालत नाही. ठरावीक वेळेत कितीही वेळा गाडी बदलली तरी भाडे एकूण अंतराचेच, असे एक तिकीट आल्याशिवाय मार्ग तोडू नयेत. आईंसारख्या प्रवाशांसाठी काही थेट गाड्या ठेवाव्यात, म्हणूनच मी निम्म्या गाड्यांविषयी बोललो. परंतु निम्म्यासुद्धा नकोत, असे म्हटल्यास थांब्यावर ताटकळून शेवटी दुचाकीचे कर्ज काढणाऱ्या माणसाला आपण काय उत्तर देणार?

वेळापत्रकवाला

मी बरीच वर्षे बसगाड्यांची वेळापत्रके लावली आहेत, त्यामुळे या हिशेबातील एक गृहीतक तपासावेसे वाटते. अर्धे अंतर म्हणजे अर्धा वेळ, हे नगर रस्त्यावर लागू होत नाही. गाडीचा वेळ जातो तो केसनंद फाटा आणि खराडी बायपासच्या आसपास, म्हणजे आपण ठेवू पाहत असलेल्याच तुकड्यात. मनपापर्यंतचा भाग कापल्याने वाचणारा वेळ अंतराच्या प्रमाणात निघणार नाही. दर साडेसात मिनिटांचे वचन देऊन प्रत्यक्षात दहा-अकरा मिनिटे झाली, तर प्रवासी ते विसरणार नाही.

दुसरी अडचण वळण्याच्या जागेची. एवढ्या गाड्या तासाला रामवाडीत फिरवायच्या, तर त्यांना रस्त्याबाहेर उभे राहायला जागा लागेल, चालक-वाहकांना पाणी व स्वच्छतागृह लागेल. नकाशावर रेघ तोडणाऱ्यांना ही गोष्ट सहसा सुचत नाही. तिसरी अडचण कराराची आहे. भाडेतत्त्वावरील गाड्यांच्या मालकांना किलोमीटरमागे पैसे मिळतात. आखूड मार्गावर विसाव्याचे वेळ वाढतात, दिवसाचे किलोमीटर घटतात आणि करारात हमी दिलेले किलोमीटर भरले नाहीत, तरी पैसे द्यावेच लागतात. ही बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६० आणि ४० टक्क्यांनी भरतात. हा भार शेवटी तिथेच जाईल.

माझ्या मते वेळ वाचवणारा खरा उपाय बसची स्वतंत्र मार्गिका हाच आहे. नगर रस्त्यावर ती होती, आणि तिचा मोठा भाग आपणच उखडला. तिच्यात त्रुटी होत्या, ओलांडताना अपघात होत होते, हे मी नाकारत नाही. परंतु त्रुटी दुरुस्त करायच्या असतात. मार्गिका काढल्यावर ६० माणसांची बस आणि एका माणसाची मोटार एकाच रांगेत उभी राहिली. त्या रांगेत आखूड मार्गसुद्धा लांबच होतो.

मांजरीकर

तिन्ही बाजू एकाच रस्त्यावरून भांडत आहेत, म्हणून थोडे बाजूला पाहण्याची विनंती करतो. खराडी आणि मगरपट्ट्यात कामाला जाणारे, वाघोलीच्या महाविद्यालयांत शिकायला येणारे, यांना मनपाही नको आणि रामवाडीही नको. मांजरीहून नदीवरचा पूल ओलांडून मांजरी खुर्द, आव्हाळवाडीमार्गे वाघोलीला रस्ता जातो. मुंढव्याहून खराडीला पूल आहे. उपनगरातून थेट उपनगरात जाणाऱ्या लहान बस अशा रस्त्यांवर दर १० मिनिटांनी धावल्या, तर नगर रस्त्यावरचा काही भार मुळातच उतरेल. मोठी बस आव्हाळवाडीच्या वळणांवर अडकते, हा आक्षेप योग्य आहे, म्हणूनच लहान गाडी म्हणतो.

वेळापत्रकवाला

या सूचनेला माझा पाठिंबा आहे, फक्त एका अटीवर. आडमार्गावर पहिले काही महिने गाड्या रिकाम्या दिसतील आणि उत्पन्न कमी म्हणून मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव लगेच येईल. लोक नव्या बसवर विसंबायला वेळ घेतात. किमान वर्षभर फेऱ्या कमी न करण्याचे लेखी बंधन आधी घालावे.

दोन पिशव्या

मांजरीकरांच्या मार्गांना माझा विरोध नाही, त्यांमुळे कोणाचीही चालू बस जात नाही. वाघोलीकरांना मात्र एवढेच सांगते की रात्री ९ नंतर आणि सकाळी ७ च्या आधी एकही थेट गाडी तोडू नये. सुनसान वेळी गाडी बदलायला लावणे म्हणजे बाईला रस्त्यावर उभे करणे होय, आणि त्या वेळी रस्त्यावर कोंडी नसल्यामुळे आपला वेळ वाचवण्याचा मुद्दाही उरत नाही.

वाघोलीकर

रात्रीचा आणि पहाटेचा मुद्दा मान्य करून माझी मागणी बदलतो. सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत, एक तिकीट लागू झाल्यावर, निम्म्या गाड्या रामवाडीहून वळवाव्यात आणि प्रत्येक थांब्यावर दोन गाड्यांमध्ये प्रत्यक्ष किती मिनिटे जातात, ते मोजून जाहीर करावे. वेळापत्रकवाल्यांचे दहा-अकरा मिनिटांचे अनुमान खरे ठरले, तरी ते माझ्या उदाहरणातल्या १५ पेक्षा बरेच आहे. गर्दीच्या वेळी काय करावे, याबाबत मात्र आपले मतभेद कायम आहेत.