मॉडेलवाल्यांचा वजन कमी करायचा गट: नक्की काय मोजायचं?

प्लॅस्टिकपंख

स्केल मॉडेल, म्हणजे विमानं वगैरेंच्या छोट्या प्रतिकृती, करणाऱ्यांचा आमचा ११ जणांचा गट आहे. दर रविवारी सगळे व्हिडिओ कॉल लावून दोन तास आपापल्या टेबलावर काम करतात. त्यातल्या आठ जणांना वजन कमी करायचंय, आणि तेही याच गटात, एकमेकांच्या सोबतीनं. वयं ३२ ते ६१. नोकरी बैठी, छंदही बैठा. दोघांना मधुमेह आहे, त्यातले एक इन्सुलिन घेतात. आणखी तिघांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत.

सध्याचा बेत असा: दर रविवारी प्रत्येकानं वजनकाट्याचा फोटो टाकायचा, आणि तीन महिन्यांत सर्वांत जास्त किलो उतरवणाऱ्याला वर्गणी काढून एक किट (जोडायच्या मॉडेलचा संच) द्यायचं.

हा बेत चालेल का? नसेल तर काय मोजावं? टेबलावरचे तास कमी न करता हालचाल कशी वाढवावी? आणि खाण्याचा हिशोब कितपत काटेकोर ठेवावा? "कमी खा, जास्त चाला" हे सगळ्यांना पाठ आहे, त्याच्या पुढचं हवंय.

पॉलिशपेपर४००

गट करताय हे फार चांगलं. पण किलोंची स्पर्धा कृपया नको.

११० किलोचा माणूस ७२ किलोच्या माणसाला यात सहज मागे टाकतो, कारण वजन जितकं जास्त तितकं सुरुवातीला पटापट उतरतं. टक्क्यांत मोजलंत तरी दुसरी अडचण राहतेच. शेवटच्या आठवड्यात लोक जेवण टाळतात, मीठ बंद करतात, पाणी कमी पितात आणि शरीरातलं दोन किलो पाणी घालवून बक्षीस घेतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना असं केलं तर उठता-उठता चक्कर येऊन माणूस पडतो. तुमच्या आठांपैकी पाच जण औषधांवर आहेत.

ओळखीच्यांची सोबत कामाला येते याला मात्र चांगला आधार आहे. रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांचा १६६ जणांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. काही जण एकटे आले होते, काही तीन मित्रांना घेऊन. एकटे येऊन नेहमीचा कार्यक्रम घेतलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी तो पुरा केला. मित्रांसह आलेले आणि वर एकमेकांना साथ कशी द्यायची हेही शिकलेले, त्यांच्यात हा आकडा ९५ टक्के होता. उतरलेलं वजन चौथ्या ते दहाव्या महिन्यात पूर्ण टिकवणारे पहिल्यांत २४ टक्के, दुसऱ्यांत ६६ टक्के. मित्र गोळा करून येणारी माणसं मुळातच जरा वेगळी असू शकतात, हे धरलं तरी फरक मोठा आहे.

म्हणून आठांचा एकच गट न ठेवता चार-चारचे दोन चमू करा. चौघांत कोणाचा खाडा झाला की त्याच दिवशी लक्षात येतं. आठांत माणूस हरवतो.

गटानं मोजायच्या त्या कृती. वजन ज्याचं त्यानं बघावं. रोज चार खुणा पुरेत: ३० मिनिटं चालणं झालं का, दोन मुख्य जेवणांत अर्धं ताट भाज्यांचं होतं का, टेबलावर काही खाल्लं नाही ना, आणि सात तास झोप मिळाली का. आठवड्याच्या २८ खुणा होतात. २० च्या वर गेलं की आठवडा चांगला म्हणायचा. २८ पैकी २८ चा आग्रह धरलात तर लोक खोटं लिहायला लागतात, आणि एकदा खोटं लिहिलं की माणूस हळूच कॉलला यायचाही थांबतो. किट द्यायचंच असेल तर १२ आठवड्यांनी ज्या चमूच्या खुणा जास्त, त्या चौघांना मिळून करायला एक मोठं किट द्या.

टोकदार_चिमटा

टेबलाबद्दल लिहितो. आपल्या छंदात थांबणं सक्तीचं असतं आणि ते आपण खुर्चीतच बसून काढतो, किंवा दुसरं किट उघडतो. तेच वेळ वापरायचे.

अ‍ॅक्रिलिक रंगाच्या दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटं जातात. एनॅमल वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) लावला की पुसायच्या आधी साधारण २० मिनिटं. ट्यूबमधल्या सिमेंटनं जोडलेला सांधा किंवा थिनरवाली पुट्टी दुसऱ्या दिवसापर्यंत घासूच नये, आत मऊ असेल तर नंतर खड्डा पडतो. म्हणजे दोन तासांच्या बैठकीत एक हात रंग आणि एक वॉश असा क्रम लावला तर अर्धा तास चालणं काम न थांबवता बसतं. रविवारचं काम निवडतानाच हे बघा. नुसतं कटिंग आणि घासणं घेऊन बसलात तर मध्ये थांबा येतच नाही. तेव्हा दर अर्ध्या तासाला घड्याळ लावून तीन मिनिटं उठायचं.

उठण्याआधी एअरब्रशमधून (रंग फवारायच्या पेनासारख्या साधनातून) थिनर सोडून नोझल साफ करा. रंग तसाच ठेवून गेलात तर सुईच्या टोकाला सुकतो, परत आल्यावर पंधरा मिनिटं सफाईत जातात, आणि पुढच्या वेळी माणूस उठतच नाही. आणि चालायचं ते त्या खोलीच्या बाहेर. थिनरच्या वाफेत श्वास जोरात घेण्यात काही शहाणपण नाही.

वेग असा ठेवा की मिनिटाला साधारण १०० पावलं पडतील: बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आहे. स्नायूंचा भाग लोक गाळतात. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा, भिंतीला हात टेकून जोर १० वेळा, असे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. श्वास कोंडून धरू नका. रक्तदाबवाल्यांनी तर अजिबात नाही.

टेबलावर खाणं बंद करण्याला दुसरंही कारण आहे. सोल्डरिंगच्या तारेत आणि जुन्या व्हाइट मेटलच्या (मऊ मिश्रधातूच्या) पुतळ्यांत शिसं असू शकतं, रेझिनची भुकटी बोटांना चिकटते. साबणानं हात धुवायचे, टेबलावरून उठायचं, दुसरीकडे बसून खायचं. या एका नियमानं ब्रश धुता-धुता तोंडात जाणारे चार-चार घास आपोआप थांबतात.

शून्यदशांशदोन

आकड्यांचं मी सांगते.

रोजची गरज काढायला मिफ्लिन-सेंट जिओर यांचं १९९० चं सूत्र वापरा: १० × वजन (किलो) + ६.२५ × उंची (सेंमी) − ५ × वय, पुरुष असेल तर + ५, स्त्री असेल तर − १६१. ९० किलो, १७० सेंमी, ४५ वर्षांचा पुरुष घेतला तर साधारण १७४० कॅलरी येतात. बैठ्या माणसासाठी याला १.२ ते १.३ नं गुणा, म्हणजे २१०० ते २२५०. त्यातून ५०० कमी केल्या की १६०० ते १७५०. सूत्र हा अंदाज आहे. तीन आठवड्यांत वजनाची सरासरी हलली नाही तर आणखी १०० ते १५० कमी करा, त्याहून मोठी उडी नको.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, त्यामुळे रोज ५०० ची तूट ठेवली तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत-बाहेर उतरतं. पुढे वेग मंदावतो. उलट पाण्यामुळे वजन रोज एक-दोन किलो इकडे-तिकडे होतं. म्हणजे आठवड्याची खरी कमाई रोजच्या चढ-उतारात सहज बुडते, आणि रविवारचा एकच फोटो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, काटा त्याच फरशीवर ठेवून रोज वजन करा आणि सात दिवसांची सरासरी लिहा. तुलना सरासरीची सरासरीशी. गालिच्यावर काटा ठेवू नका, आकडा चुकतो.

महिन्यातून एकदा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, न ताणणारी टेप जमिनीला समांतर धरून, श्वास सहज सोडल्यावर. दोनदा मोजा, एक सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी: १७० सेंमीला ८५ च्या आत.

खाण्याचं सगळं मोजायची गरज नाही, पण तेल मोजाच. एका मोठ्या चमच्यात, १५ मिलिलिटरमध्ये, साधारण १२० कॅलरी असतात, आणि डोळ्यांनी अंदाज हमखास चुकतो. बाटली काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, बाटली उचलून तेल ओता, बाटली परत ठेवा. उणे जो आकडा दिसेल तेवढे ग्रॅम तेल गेलं, गुणिले नऊ म्हणजे कॅलरी. रेझिन मिसळायचा छोटा काटा मात्र स्वयंपाकघरात नेऊ नका, त्याला हार्डनर लागलेला असतो. खाण्याला वेगळा काटा ठेवा.

प्रथिनं दर किलो वजनामागे १.२ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर स्नायू कमी झडतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

आणि चालण्यावर फार भिस्त ठेवू नका: ९० किलोचा माणूस अर्धा तास बरा चालला तर बसून राहण्यापेक्षा ११० कॅलरी जास्त जातात. तब्येतीला चालणं अमूल्य आहे, वजन मुख्यतः ताटात उतरतं.

प्लॅस्टिकपंख

फार उपयोगी, आभार. फोटोची कल्पना रद्द. दोन शंका राहिल्या. पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो आणि मग अडकतो, गळती तिथेच लागते असं ऐकलंय. आणि इन्सुलिन घेणाऱ्या सदस्यासाठी गटानं काय काळजी घ्यायची?

ओलंसँडिंग

आधी इन्सुलिनचं, कारण तिथे चूक महाग पडते.

खाणं कमी आणि डोस तोच राहिला तर साखर खाली जाते. इन्सुलिनला हे लागू आहेच, ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्यांनाही आहे. एकट्या मेटफॉर्मिननं सहसा असं होत नाही. म्हणून दुसऱ्या मधुमेही सदस्यालाही गोळीचं नाव विचारा. एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर उपास किंवा पिष्टमय पदार्थ जवळपास बंद असले प्रकार करायचे नाहीत, साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना होणारी आम्लं) वाढून ॲसिडोसिस होऊ शकतो. दोघांनीही खाण्यात बदल करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. रक्तदाबवाल्यांनी वजन उतरायला लागल्यावर घरी मोजून नोंद ठेवावी. उठताना अंधारी यायला लागली तर गोळी कमी करायची वेळ आलेली असू शकते. ती स्वतः होऊन बंद करू नये.

साखर उतरल्याची टेबलावरची खूण अशी: ब्रशचं टोक थरथरतं, घाम येतो, साधी जोडणी दोनदा चुकते. हे थकव्यावर ढकललं जातं. त्या क्षणी साखर तपासायची. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाच्या गोळ्यांचा एक प्रकार) चालू असेल तर थरथर जाणवत नाही, घाम तेवढा येतो. टेबलावर न खाण्याच्या नियमाला ही एकच सूट: ग्लुकोजची डबी हाताशी, बंद झाकणाची.

तुम्ही कॉलवर असता, एका खोलीत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या सदस्याचा पूर्ण पत्ता आणि घरातल्या एकाचा नंबर चमूतल्या तिघांकडे हवा. बोलणं अडखळलं, उत्तर येईना, तर लगेच फोन. शुद्ध नसेल तर घरच्यांनी तोंडात काहीही घालू नये, आपत्कालीन मदत बोलवावी.

राखाडी_प्रायमर

काटा का अडकतो ते सांगतो. शरीरातल्या साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (यकृत आणि स्नायूंतल्या साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी झालं की पहिल्या आठवड्यात दोन्ही जातात, आणि दीड-दोन किलो उतरल्यासारखं वाटतं. दुसऱ्या आठवड्यात अर्धा किलोच. हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगा, आणि पहिल्या १४ दिवसांचा आकडा हिशोबात धरूच नका. दोन-तीन महिन्यांनी येतो तो अडथळा वेगळा: हलक्या शरीराला कमी लागतं, आणि मोजमापही तोवर सैल झालेलं असतं. दर पाच किलोंनी सूत्र नव्यानं मांडा, आठवडाभर तेल पुन्हा काट्यावर मोजा. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

वजन ज्याचं त्यानं बघावं, याच्याशी मी अर्धाच सहमत आहे. अमेरिकेत १९९४ साली एक राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेले लोक तिच्यात आहेत, आणि त्यांच्यातले ७५ टक्के आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. आपणहून नाव नोंदवलेले हे लोक, त्यामुळे वजन केलं म्हणून टिकलं असं त्यातून सिद्ध होत नाही. तरी वजन वाढायला लागल्यावर कोणाला तरी सांगायची सोय हवी. ज्याची इच्छा असेल त्यानं चमूतल्या एकाच जोडीदाराला महिन्याची सरासरी कळवावी, फक्त टक्क्यांत. खाण्याशी आजारी नातं पूर्वी कोणाचं राहिलं असेल, तर त्याला आकड्यांतून पूर्ण वगळा. लक्ष्य सहा महिन्यांत ५ ते १० टक्के. एवढ्यानंही रक्तदाब आणि साखर सुधारायला लागते. आठवड्याला एक किलोहून जास्त वेग नको, फार झपाट्यानं उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

गळतीचं म्हणाल तर दोन रविवार कोणी आलं नाही की जोडीदारानं फोन करावा, आणि त्या फोनमध्ये वजनाचा, खुणांचा विषयच काढू नये. माणूस वजन वाढलं म्हणूनच लपलेला असतो. "त्या विमानाच्या पंखाचा सांधा अजून दिसतोय, प्रायमर मारू की परत घासू? रविवारी बघून सांग," एवढंच विचारा.