मदत हवी आहे : ‘द गॉडफादर भाग २’मधील सिनेट चौकशीमागचा इतिहास

फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या १९७४ सालच्या ‘द गॉडफादर भाग २’ या चित्रपटातील सिनेट चौकशीच्या प्रसंगाचा मी अभ्यास करीत आहे. १९६३ मध्ये जोसेफ वालाची या टोळीसदस्याने अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, माफियातील शपथविधी आणि अधिकारांची उतरंड उघड केली; त्याआधी १९५१ मध्ये संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या कीफॉव्हर समितीपुढे फ्रँक कॉस्टेलो या माफिया म्होरक्याने चेहरा दाखवण्यास हरकत घेतल्याने प्रेक्षकांना केवळ त्याचे अस्वस्थ हात दिसले, आणि मला ते हात कोणत्याही अभिनयापेक्षा अधिक बोलके वाटतात. या दोहोंपैकी कोणत्या चौकशीचा पटकथेवर अधिक प्रभाव आहे? साक्षींची संपूर्ण इतिवृत्ते आणि या प्रसंगाच्या चित्रीकरणाविषयीचे विश्वसनीय लेखन कोठे वाचता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.