मदत हवी आहे: हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत एकच फंक्शन दोन याद्यांना चालेना

मांजराकाठ (लातूर): आडतीच्या हिशोबाचा छोटा प्रोग्राम करायलोय. सोयाबीनची पोती पूर्णांकात, क्विंटल दशांशात. दोन्हींची बेरीज एकाच फंक्शननं करायचीय, पण टाइप (डेटाचा प्रकार) जुळत नाही म्हणून एरर येतोय. जीएचसीआयमध्ये (ओळ लिहिली की लगेच उत्तर देणारं हास्केलचं साधन) लिहिलं की तेच चालतंय! उद्या दाखवायचंय, लवकर सांगा.

नांदेडी: कोड टाका. एरर कोणत्या ओळीवर?

परभणीकर: लेन्ग्थ (यादीची लांबी) इंट म्हणजे पूर्णांक देतं, भागाकाराला फ्रॅक्शनल म्हणजे अपूर्णांक चालणारा टाइप लागतो. फ्रॉमइंटिग्रल (पूर्णांक दुसऱ्या टाइपात बदलणारं फंक्शन) लावा, सरासरी निघेल.

मांजराकाठ: सरासरी नको दादा, बेरीज. एरर क्विंटलच्या ओळीवर, डबल (दशांश) आणि इंट जुळत नाहीत म्हणतोय. ती ओळ काढली की चालतंय. यादीच चुकली का?

धाराशिवकर: हास्केल काहून घेतलं? पायथॉनमध्ये सम (बेरजेचं तयार फंक्शन) लिहा अन् मोकळे व्हा.

नांदेडी: विचारलंय ते हास्केलचं. फंक्शन कसं लिहिलंय ते अजून दिलंच नाही तुम्ही.

मांजराकाठ: एवढंच आहे ताई:
एकूण = सम

नांदेडी: मग यादी बरोबर आहे, दुखणं इथं आहे. डावीकडे आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची किंमत) नाही, सिग्नेचर (टाइप सांगणारी ओळ) नाही, म्हणून मोनोमॉर्फिझम रिस्ट्रिक्शन हा नियम लागतो. कंपायलर 'एकूण'ला अख्ख्या फाइलपुरता एकच टाइप देतो. पोत्यांच्या ओळीनं तो इंट ठरला, क्विंटलची ओळ अडली. जीएचसीआयच्या प्रॉम्प्टवर हा नियम ७.८.१ आवृत्तीपासून बंद असतो, म्हणून तिथं चाललं. वर हे टाका ('नम अ' म्हणजे अ हा कुठलाही संख्येचा टाइप चालेल, ही अट):
एकूण :: नम अ => [अ] -> अ

देवगिरी: सिग्नेचर कशाला? 'एकूण यादी = सम यादी' केलं तरी भागतं. टाइप हातानं लिहावे लागू नयेत म्हणूनच तर एमएल भाषा करणाऱ्या रॉबिन मिल्नरनं १९७८ मध्ये एवढं काम केलं.

नांदेडी: मिल्नरच्या एमएलमध्ये टाइपक्लास ('नम'सारखे टाइपांचे गट) नव्हते. ही अडचण 'नम'सारख्या अटीमुळंच येते. भागतं हे खरं, पण मी टॉप-लेव्हलच्या प्रत्येक फंक्शनला सिग्नेचर लिहितेच. नाहीतर चूक एकीकडं, एरर दुसरीकडं, आणि माणूस चांगली यादी तपासत बसतो.

देवगिरी: लहान प्रोग्रामला एवढं लागत नाही.

नांदेडी: लहानच आहे की हा! कंपाइल करताना -वॉल हा इशारे दाखवणारा पर्याय लावा. सिग्नेचर राहिलं तर इशारा येतो, सोबत कंपायलरनं काढलेला टाइपही दिसतो.

मांजराकाठ: सिग्नेचर टाकलं, दोन्ही बेरजा आल्या. लई आभार ताई. आता क्विंटलचे दशांश लांबलचक दिसायलेत, दोनच आकडे कसे ठेवू?

परभणीकर: पैसे डबलमध्ये ठेवूच नका, पैशांत मोजून इंटिजर वापरा.

मांजराकाठ: वजन आहे दादा, पैसे नाहीत.

धाराशिवकर: टेक्स्ट प्रिंटएफ हे मॉड्यूल इंपोर्ट करा, दोन दशांशांचा फॉरमॅट द्या.