मदत हवी आहे: श्रावण आलाय आणि दारात हिवाळा! पथ्य पंचांगाचं पाळू की हवेचं?

अळूचं_फदफदं

नमस्कार मंडळी. प्रश्न पोटाचा आहे, पण त्यात पंचांग, सासूबाई आणि दक्षिण गोलार्ध असे तिघे गुंतलेत, त्यामुळे थोडं पाल्हाळ लागेल.

आम्ही नऊ वर्षं मेलबर्नला आहोत. सासूबाई (वय ६९) मे महिन्यात वाईहून आल्या, दिवाळी करून जातील. आषाढी एकादशीपासून घरात कांदा, लसूण, वांगं बंद झालं. त्याबद्दल तक्रार नाही, माझ्या माहेरीही चातुर्मास पाळायचे. अडचण पुढे आहे. त्यांचं म्हणणं, "पावसाळ्यात अग्नी मंद असतो, जड काही खायचं नाही." म्हणून दुपारी ज्वारीची भाकरी आणि दुधी किंवा पडवळ, रात्री मुगाची पळीवाढी खिचडी नाहीतर मऊभात-मेतकूट. तेल-तूप नावाला. श्रावणी सोमवारी एकवेळ. आणि जेवण दिवेलागणीच्या आत.

आता वाईत दिवेलागण सातला होते. इथे जुलैत सव्वापाचलाच अंधार! म्हणजे पाच वाजता आमची पानं मांडलेली. बाहेर सकाळी ५-६ अंश, दुपारी फार तर १४, आणि आम्ही पातळ खिचडी खाऊन सहाला मोकळे. साडेनऊला पोटात असा खड्डा पडतो की मी चोरून टोस्टवर चीज घालून खाते, नाहीतर बिस्किटांचा पुडा संपवते. अकराला झोप आणि दोनला छातीत जळजळ होऊन जाग. सकाळी पोट साफ होत नाही, दिवसभर गुबारा धरल्यासारखं. असं महिनाभर चाललंय. सासूबाई कबूल करत नाहीत, पण त्यांचेही गुडघे धरलेत आणि रात्री पायात गोळे येतात.

खरं सांगायचं तर पंचांग बघून खाण्याचा गाढवपणा मीही केलाय. संक्रांतीला इथे भर उन्हाळा असतो. यंदा पारा चाळिशीला टेकलेला आणि मी हौसेने बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, तिळाच्या वड्या, गुळपोळ्या, सगळं साग्रसंगीत केलं. आठ दिवसांत लेकाचा घोळणा फुटला आणि नवऱ्याचं तोंड आलं. तिळगुळामुळेच झालं असं म्हणत नाही, पण तेव्हापासून डोक्यात किडा आहे.

तर ज्यांचा आयुर्वेदाचा अभ्यास आहे त्यांनी सांगा. ऋतूप्रमाणे खावं म्हणतात तेव्हा ऋतू कुठला धरायचा? कालनिर्णयातला की खिडकीबाहेरचा? आणि सासूबाईंचं व्रत न मोडता हे त्यांना कसं सांगू? (त्यांना दुखवायचं नाहीये. स्वभावाने फार गोड आहेत, फक्त ऐकत नाहीत.)

---

कोरडवाहू

पाचला जेवायचं, दहाला चीज-टोस्ट, अकराला आडवं व्हायचं. याने छातीत जळजळ होईल हे सांगायला चरक कशाला हवेत? झोपण्याआधी दोन-तीन तास पोटात काही टाकू नका आणि रात्रीचं जेवण सातला न्या. ऋतू वगैरे नंतर बघू.

अळूचं_फदफदं

@कोरडवाहू, कळतंय हो. पण सातला न्यायचं तर दिवेलागण आडवी येते, तीच तर मेख आहे.

भाजणी

बाई गं! मग कार्तिकी एकादशीच्या सुमारास काय करणार? तेव्हा तुमच्याकडे घड्याळ तासभर पुढे असतं ना? सूर्य आठपर्यंत मावळत नाही. तोवर सासूबाई चार वेळा जेवू देतील का? 😀

थट्टा सोडा. माझी आजी चातुर्मासात कांदा-लसूण खायची नाही, पण उपाशी कधीच राहायची नाही. खिचडीत तुपाची धार असायची, ताटात शेंगदाण्याची आमटी असायची. 'हलकं' याचा अर्थ 'कोरडं आणि थोडं' असा कधीपासून झाला?

गुळवेल

मी बीएएमएस आहे, साताऱ्यात दवाखाना आहे. तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण मूळ प्रश्न मला फार आवडला म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाईंचं वाक्य अगदी बरोबर आहे. वर्षा ऋतूत अग्नी मंदावतो, उन्हाळ्यात साठलेला वात उसळतो, म्हणून ताजं, गरम, पचायला सोपं खावं, पाणी उकळून प्यावं, दिवसा झोपू नये. चरकसंहितेत आहे, अष्टांगहृदयातही आहे. गडबड एवढीच की तुमच्या घराबाहेर वर्षा ऋतू नाहीये. तिथे हेमंत-शिशिर चालू आहे.

आता हेमंताबद्दल चरक काय म्हणतात ते वाचा (सूत्रस्थान, सहावा अध्याय). थंड वाऱ्यामुळे शरीरातला अग्नी आत कोंडतो आणि बळावतो. जड अन्न, भरपूर अन्न पचवायची ताकद त्याला येते. पण अशा अग्नीला जोगतं इंधन मिळालं नाही तर तो शरीरातला रसच खायला लागतो आणि वात वाढतो. पुढे हिवाळ्यात काय टाळायचं ते सांगताना वातूळ अन्न, लघु अन्न आणि 'प्रमिताहार' असे शब्द आहेत. प्रमिताहार म्हणजे तुटपुंजं खाणं. तुमची पाच वाजताची पळीवाढी खिचडी ती हीच. साडेनऊचा खड्डा, सकाळचं न होणारं पोट, गुबारा, सासूबाईंचे गुडघे, ही सगळी वाताची भाषा आहे. जळजळ मात्र बऱ्याच अंशी कोरडवाहू म्हणतात त्या चीजचीच असावी.

महिन्यांचं म्हणाल तर ग्रंथातलं गणितही एकच एक नाही. श्रावण-भाद्रपद म्हणजे वर्षा ही नेहमीची मांडणी. आपल्याकडे मृग लागतो ज्येष्ठात आणि आषाढात धो-धो कोसळतो, म्हणजे महाराष्ट्रातसुद्धा ती तंतोतंत बसत नाही. सुश्रुतांनी दुसरीही मोजणी दिलीय. तीत शिशिर गाळलाय आणि आषाढ-श्रावणाला 'प्रावृट्' हा वेगळा ऋतू केलाय. दोन मोजण्या का, याचं टीकाकारांनी दिलेलं उत्तर मला फार पटतं: गंगेच्या दक्षिणेला पाऊस जास्त म्हणून तिथे पावसाचे दोन ऋतू, उत्तरेला हिमालयाजवळ थंडी जास्त म्हणून तिथे थंडीचे दोन. नुसती गंगा ओलांडली तर ऋतू बदलतात, तुम्ही तर विषुववृत्त ओलांडलंय!

खाण्याकडे येते. व्रत मोडायची मुळीच गरज नाही. कांदा-लसूण-वांगं न खाणं हा त्यांचा नेम आहे, तो तसाच राहू द्या. हिंग, जिरं, आलं, सुंठ, मिरी, तीळ, उडीद, दूध, तूप यांना नेमात कुठे बंदी आहे? खिचडी तीच, पण घट्ट आणि वर दोन चमचे साजूक तूप. एक दिवसाआड हिंगाच्या फोडणीचं उडदाचं घुटं. भाकरीवर लोण्याचा गोळा. सकाळी एक डिंकाचा लाडू. आंघोळीआधी सासूबाईंच्या गुडघ्यांना कोमट तिळाचं तेल. हे सगळं उद्यापासून एकदम नको. ऋतू बदलताना आधीचे सात दिवस आणि नंतरचे सात दिवस हा ऋतुसंधी मानतात, त्यात जुनं थोडं थोडं कमी करत नवं वाढवायचं असतं. तीच पद्धत इथे वापरा. आणि त्यांचं वय ६९ आहे, हिवाळा असला तरी अग्नी विशीतला नाही. भूक बघून वाढा.

दोन गोष्टी मात्र घरगुती नाहीत. महिनाभर रोज रात्री जळजळ होत असेल तर तिथल्या डॉक्टरांना दाखवाच. गिळताना अडकणं, वजन उतरणं, काळी शौचाला होणं, उलट्या यांतलं काही असेल तर लगेच. सासूबाईंना रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर पायातल्या गोळ्यांबद्दलही विचारा. आणि यूट्यूब बघून घरी विरेचन (जुलाब देणं), बस्ती (एनिमा) असलं काही करू नका, हात जोडते.

टाकळा

@गुळवेल, छान लिहिलंत. यात भर म्हणजे, चातुर्मासातले बरेच नेम आपल्या मातीतूनच आलेत. कोकणात पावसात टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली येतात ते दोन-अडीच महिने. ऋषीपंचमीची भाजी नांगर न फिरलेल्या जमिनीतली. नागपंचमीला लाह्या, हलक्या आणि कोरड्या. हे सगळं बाहेर पाऊस कोसळत असताना शोभतं. डीप फ्रीजरमधला अळू वितळवून मेलबर्नच्या थंडीत श्रावण साजरा करण्यात काय गंमत?

(आयडी बघून अळूचा विषय काढला, राग मानू नका.)

वॅटल

मीही मेलबर्नकर. इथल्या मूळ रहिवाशांचं, कुलिन लोकांचं, सात ऋतूंचं चक्र आहे. ऑगस्टचा ऋतू 'गुलिंग', ऑर्किड फुलण्याचा. यारा नदीच्या काठाने चाललात तर सिल्व्हर वॅटलची झाडं फुलून पिवळीधमक झालेली दिसतील. ऋतू कुठला धरायचा हे ज्यांनी इथे हजारो वर्षं काढली त्यांना विचारायला हरकत नसावी. आपले सहा इथे बसवायचा हट्टच चुकतो, कारण चार महिने लागून राहणारा पावसाळा इथे नाहीच. पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो.

बाजारात आत्ता फ्लॉवर, गाजर, लाल भोपळा, सिल्व्हरबीट (पालकासारखी पालेभाजी), मँडरिन संत्री स्वस्त आहेत. सिल्व्हरबीटची ताकातली पातळभाजी करून बघा, दाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून. अळूची आठवण येते. दुधी-पडवळ मात्र उन्हाळ्याची पिकं, आत्ता दूरवरून येतात, म्हणून तर भाव बघून चक्कर येते. डँडेनाँगच्या दुकानांत बाजरीचं पीठ मिळतं, पण तारीख बघून घ्या, कडू निघतं.

भाजणी

@गुळवेल, मग या हिशोबाने तिची दिवाळी वसंतात आली की! फराळाचं काय?

गुळवेल

हो, आणि वसंतात कफ पातळ होतो, अग्नी मंदावतो. गोड, तळलेलं, जड यांना तेव्हा आवर हवा. सण आहे, करा, पण पोह्यांचा चिवडा जास्त आणि अनारसे कमी. उलट गुढीपाडवा तिथे शरदात येतो, आणि शरदात कडू रस हवाच असतो. म्हणजे कडुनिंबाची चटणी दोन्ही गोलार्धांत लागू!

जानेवारीसाठी एक आत्ताच सांगून ठेवते: उन्हाळा म्हणून वाट्या भरभरून दही खाऊ नका. लोकांना दही थंड वाटतं, आयुर्वेद ते उष्ण मानतो, आणि चरकांनी शरद, ग्रीष्म, वसंत या तिन्ही ऋतूंत बहुधा टाळायला सांगितलंय. भरपूर पाणी घालून घुसळलेलं ताक ही वेगळी गोष्ट. कोकम सरबत, पन्हं, सातूचं पीठ हे तुमचे जानेवारीतले मित्र. तिळाची वडी संक्रांतीच्या दिवशी एक, शास्त्रापुरती.

कोरडवाहू

एवढं सगळं वाचून मीही एक कबूल करतो. थंडीत भूक जास्त लागते हे कळायला ग्रंथ लागत नाही, पण सासूबाईंना सांगायला लागतो.

अळूचं_फदफदं

तीन आठवड्यांनी परत आलेय, उशिराबद्दल माफी.

गुळवेल ताईंचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. 'प्रमिताहार' या शब्दापाशी त्यांनी थांबवलं, परत वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "हे मला आधी का नाही सांगितलंस?" (!!) मग गंगेचा भाग दोनदा. गंगेमुळे काम झालं बहुतेक.

कांदा-लसूण-वांगं बंदच आहे. सोमवारही आहेत, पण त्या दिवशी दूध-राजगिऱ्याची खीर आणि शेंगदाण्याचा लाडू घेतात. घुटं आठवड्यातून तीनदा. जेवणाच्या वेळेचा तिढा त्यांनीच सोडवला. एक दिवस पाच वाजता काहीच हालचाल दिसेना म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "दिवेलागण म्हणजे दिवा लावायची वेळ. दिवा मीच लावते ना? मी पावणेसातला लावणार." तेव्हापासून पावणेसातला समई आणि सातला पानं. चीज सुटलं, कारण भूकच लागत नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी काळजीचं काही नाही म्हणून सांगितलं आणि चार आठवड्यांच्या गोळ्या दिल्यात, त्यामुळे जळजळ गोळ्यांनी थांबली की सातच्या जेवणाने, हे मला सांगता येणार नाही. पोट मात्र तुपाला लागलंय हे नक्की, गोळ्या सुरू व्हायच्या आधीच दोन दिवस फरक पडला होता. सासूबाईंना खरंच तशी गोळी निघाली, रक्त तपासायला दिलंय.

आता नवीन प्रश्न. लाडवांसाठी इथून डिंक आणला, तुपात टाकला तर फुलतच नाही. वरून तांबूस होतो आणि आत दाताला चिकटतो. काय चुकतंय?

भाजणी

डिंकात ओल असणार. बारीक खडे कर, तूप मध्यम आचेवर नीट तापू दे, आणि एका वेळी चमचाभरच टाक. त्याआधी एक दिवस कडक उन्हात वाळव.

अळूचं_फदफदं

ऊन? कुठलं ऊन?

वॅटल

हीटरच्या झरोक्यासमोर ताटात पसरून ठेवा. मी पापडही तिथेच वाळवते.