अनुभव धागा : गोल्डफिशच्या टँकमध्ये सोबतीला कोण टिकलं, कोण नाही?

‘गोल्डफिशसोबत कुठले मासे ठेवू?’ हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की उत्तरं एका जागी असलेली बरी, म्हणून हा धागा काढतेय. तक्ते ढिगाने मिळतात, पण एका तक्त्यात ‘चालतो’ असलेला मासा दुसऱ्यात ‘अजिबात नको’ असतो. तेव्हा तक्ते नकोत, तुमच्या टँकमध्ये जे घडलं तेवढंच लिहा. सोबत चार गोष्टी नक्की सांगा : गोल्डफिश लांबट अंगाचा, एका शेपटीचा (कॉमेट, शुबंकिन) की गोलमटोल, दोन शेपट्यांचा, म्हणजे फॅन्सी (ओरांडा, फँटेल, मूर), टँक किती लिटरचा, पाणी किती अंशांवर, आणि सोबती आणला तेव्हा दोघांचे आकार काय होते. हे शेवटचं लोक हमखास गाळतात आणि सगळा घोळ तिथेच असतो.

सुरुवात मीच करते. ३०० लिटरचा टँक, पाणी २० ते २२ अंशांवर. दोन ओरांडा, एक फँटेल, एक रियुकिन, बाकी कोणी नाही. सगळे फॅन्सीच असले तरी रियुकिन बाकीच्यांपेक्षा चपळ आहे. खाणं पडलं की तो आधी पोचतो, आणि मोठ्या ओरांडाच्या डोक्यावरचा मांसल मुकुट डोळ्यांवर उतरलाय, त्यामुळे त्याला दाणा दिसेपर्यंत तो संपलेला असतो. म्हणून मी दोन कोपऱ्यांत टाकते : आधी रियुकिनच्या बाजूला, तो तिकडे गुंतला की ओरांडासमोर बुडणारे दाणे.

*

व्हाइट क्लाउड मिनो. १५० लिटर, दोन फँटेल, हीटर नाही. थंड पाण्यात मजेत राहणाऱ्या छोट्या माशांत हा पहिल्या नंबरचा, १८ ते २२ अंश त्याला मानवतात. फँटेल करंगळीएवढे होते तोवर सगळं छान चाललं होतं. ते वाढले तसा मिनोंचा थवा विरळ होत गेला. मेलेला मासा कधी सापडला नाही, नुसती संख्या कमी. दिवसा मिनो सहज निसटतात. अंधारात ते झाडांमध्ये स्वस्थ असतात आणि गोल्डफिश सकाळी लवकर तळ हुंगत फिरतो, तेव्हा हे होत असावं. गोल्डफिश पाठलाग करून शिकार करणारा नव्हे, पण समोर आलेलं तोंडात मावत असेल तर सोडत नाही. पूर्ण वाढलेला मिनो जेमतेम ४ सेंटीमीटरचा. उरलेले मी वेगळ्या टँकमध्ये हलवले. निऑन टेट्रा आणि गप्पींची पिल्लं यांचं काय होईल ते यावरून ओळखा.

*

सकर माशाबद्दल सविस्तर लिहिते, कारण ‘काच साफ ठेवतो’ म्हणून हाच सगळ्यात आधी गळ्यात मारला जातो.

आमचा सकर, म्हणजे साधा प्लेको, आला तेव्हा बोटाएवढा होता, आणि तेव्हा खरोखरच शेवाळ खायचा. वाढला तसा दिवसभर लाकडाखाली पडून राहायला लागला. मग मोठ्या ओरांडाच्या एका बाजूला रुपयाएवढा डाग दिसू लागला : खवल्यांची चमक गेलेली, कडा लालसर. आधी वाटलं बुरशी. पण बुरशी कापसासारखी पांढरी फुलते, हे तसं नव्हतं. एका रात्री दिवे बंद करून टॉर्च मारला, तर प्लेको ओरांडाच्या कुशीला तोंड लावून चिकटलेला आणि ओरांडा त्याला घेऊन जड अंगाने कोपऱ्यातून फिरतोय. मी काचेवर टकटक केल्यावर सुटला.

माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, रोगजंतूंना तो बाहेर ठेवतो. प्लेको तोच खरवडून खातो. गोल्डफिश रुंद अंगाचा, संथ, आणि रात्री जवळपास एका जागी तरंगणारा, त्यामुळे त्याच्याइतकं सोपं सावज दुसरं नाही. प्लेकोला लगेच वेगळं केलं. ओरांडाला औषध दिलं नाही, फक्त पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळा बदललं, आणि जखम भरली. शिवाय साधा प्लेको ३० सेंटीमीटरच्या वर जातो आणि घाणही तेवढीच करतो. म्हणजे सफाईला आणलेल्याचीच सफाई आपल्या नशिबी.

‘चायनीज अल्गी ईटर’ नावाने मिळतो तोही मोठेपणी हेच धंदे करतो. शिवाय तो भांडखोर.

*

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण सगळे सकर एकाच माळेचे मणी नाहीत. माझ्याकडे ब्रिसलनोज आहे, थोबाडावर दाढीसारखे तंतू असलेला. पूर्ण वाढूनही १२-१३ सेंटीमीटर. २५० लिटर, दोन रियुकिन, पाणी २३ अंश. अंगाला चिकटल्याचं आजवर दिसलेलं नाही. दिवे मालवल्यावर त्याला काकडीची चकती किंवा शेवाळाची गोळी मिळते. भुकेला ठेवला तर काय करेल याची हमी मात्र देणार नाही.

*

कोरिडोरस. छोटा, गरीब, तळातलं उरलंसुरलं खाणारा, म्हणून भावाने कॉमेटसोबत सोडला होता. कोरीच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांजवळच्या परांना कडक काटा असतो. घाबरला की काटे ताठ करून तो ते तसेच अडकवून ठेवतो. कॉमेटने तळ चिवडताना त्याला तोंडात घेतलं. आत जाईना, बाहेर येईना. कॉमेटला ओल्या फडक्यात धरून भावाने काटा चिमट्याने सोडवला. कोरी गेला. कॉमेटने काही दिवस खाणं सोडलं होतं, मग सावरला. ओटोसिंक्लस या छोट्या शेवाळखाऊ माशालाही असेच काटे असतात. तळातला मासा हवाच असेल तर असा निवडा, की गोल्डफिश पूर्ण वाढल्यावरही त्याच्या तोंडात मावणार नाही.

*

असा मासा आहे : डोजो लोच. ४०० लिटर, शुबंकिन आणि कॉमेट. लोच लांबुळका, वीतभर, वाळूत अर्धा गाडून डोकं तेवढं वर ठेवून बसतो. थंड पाणी चालतं, कोणाची खोडी काढत नाही, आणि गोल्डफिशच्या अंगाला अंग घासत फिरतो तेव्हा बघत राहावंसं वाटतं. हवेचा दाब उतरला की अस्वस्थ होऊन वरखाली करतो, म्हणून त्याला वेदर लोच म्हणतात.

दोन गोष्टी सांभाळा. झाकण घट्ट हवं, फिल्टरच्या पाइपशेजारच्या फटीतूनही तो निसटतो. आणि खवले अगदी बारीक असल्याने काही औषधं त्याला झेपत नाहीत. गोल्डफिशवर पांढरे ठिपके आले तर उपचार करण्याआधी लोच बाहेर काढावा, किंवा बाटलीवर लोचसाठी काय मात्रा दिलीय ती बघावी. एकटा ठेवू नका, तीन-चार तरी असू द्या. तेवढा टँक नसेल तर विचारच सोडा.

*

बेटा चालेल का, एंजल चालेल का, असं कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहून ठेवतो. या दोघांना २५-२७ अंश लागतात. त्या तापमानाला गोल्डफिशचं अंग जास्त ऑक्सिजन मागतं आणि गरम पाण्यात तो विरघळतोच कमी. मधलं २३-२४ ठेवलं की बेटा मलूल. त्यात फँटेलची झुलती शेपटी बघून बेटा आणि एंजल दोघेही टोचे मारतात. टायगर बार्बचं तर नावच काढू नका.

*

झेब्रा डॅनिओ, २०० लिटर, कॉमेटसोबत : ठीक. सुळकन निसटतात, पकडले जात नाहीत. रोझी बार्बही थंड पाण्यात राहतो, पण थवा लहान असला तर लांब शेपट्यांना चावे घेतो. फॅन्सीसोबत दोन्ही ठेवणार नाही.

*

आमच्याकडे प्रश्न गोल्डफिशलाच गोल्डफिश चालत नाही असा होता. ब्लॅक मूर आणि कॉमेट एकत्र. मूरचे डोळे बाहेर आलेले, पण नजर अधू. दाणा नाकाशी आला तरच त्याला कळतो. कॉमेट तोवर टँकभर झाडू मारून मोकळा. मूर वाळला, कॉमेट फुगला. आता मूरसोबत एक टेलिस्कोप (तसाच बाहेर आलेल्या डोळ्यांचा गोल्डफिश) आहे, दोघेही सारखेच आंधळे, सारखेच हळू, आणि दोघांची पोटं भरतात. कॉमेट बाहेरच्या तळ्यात गेलाय आणि त्याला खरं तर तेच हवं होतं. बबल आय, सेलेस्टियल हे गोल्डफिशचे प्रकार याहून नाजूक. बबल आयच्या डोळ्यांखालच्या पिशव्या खडबडीत दगडालाही फाटतात, तिथे धसमुसळा शेजारी कशाला?

*

गोगलगायी : मोठ्या मिस्टरी स्नेलच्या मिशा गोल्डफिशने कुरतडल्या, ती शंखातच बसून राहायला लागली. छोट्या रॅम्सहॉर्न म्हणजे फुकटचा खाऊ. ट्रम्पेट स्नेल टिकल्या, कारण शंख जाड आणि दिवसा त्या वाळूत असतात.

*

नवीन ओरांडा आणला आणि लगेच ‘मोठा छोट्याला मारतोय’ अशी घरात ओरड. पोटाखाली तोंड घालून ढकलत नेत होता, झाडांत दाबत होता. भिंगातून पाहिलं तर मोठ्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर मिठाच्या कणांसारखे टपोरे पांढरे ठिपके, परांच्या पुढच्या कडेवरही तसेच, आणि बाकी अंग स्वच्छ. रोगाचे ठिपके असे जागा निवडून येत नाहीत. विणीच्या काळात नराला असे ठिपके येतात. तो नर होता, नवी आलेली मादी. दुसरी मादी आली तसा पाठलाग वाटला गेला. ती मात्र महिनाभर वेगळ्या टबात ठेवून मगच सोडली, आणि अमोनिया शून्य आहे ना हे रोज तपासत होतो. गोल्डफिश कल्ल्यांतून अमोनिया टाकतच असतो, एक मासा वाढला की जुन्या फिल्टरला तो भार पेलायला वेळ लागतो.

*

मस्त धागा. माझा ८० लिटरचा टँक आहे, दोन छोटे फँटेल. खालचा भाग फार रिकामा दिसतो. तिथे कोणता मासा टाकू?

*

(धागाकर्ती) कोणताही नको. दोन फँटेल वाढले की ८० लिटरही अपुरेच पडतील, तेव्हा पुढचा खर्च मोठ्या टँकवर करा. तळ भरायला अनुबियास आणा, त्याची जाड पानं गोल्डफिश सहसा खात नाहीत. दगडाला दोऱ्याने बांधा. त्याचं आडवं जाड खोड वाळूत पुरू नका, कुजतं.